कारणाचा रकाना

गजभिये बाई नव्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नसत. आधी गुडघा बघत, मग टाच, आणि मधलं अंतर पर्समधल्या टेपनं मोजत. माझं मोजलं तेव्हा मी नाव सांगायला तोंड उघडलं होतं.

"थांब वो," त्या म्हणाल्या, "नाव काय, कुठं पळून नाही जात. साडेपंधरा इंच. दुकानात उंच स्टुलावर बसते का तू?"

बसत होते. कमानिया गेटजवळ आमचं शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं दुकान आहे. काउंटरमागच्या स्टुलावर मी वीस वर्षं पाय लटकवून बसले होते. कंबरेसाठी दोन डॉक्टर झाले, पट्टा झाला, तेल झालं. स्टूल किती उंच आहे हे कुणी विचारलं नव्हतं.

"पाय लटकून राहिले तर सगळं वजन कंबरेत," बाई म्हणाल्या. "असे लटकलेले पाय घेऊन कोणतं चक्र जागं होणार आहे?"

आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, गोरखपूर मोहल्ल्यात, मराठी मंडळाचा हॉल आहे. तिथं बाई सकाळी सहाला योगवर्ग घेत. अर्धे लोक मॅटवर, अर्धे खुर्चीवर. खुर्च्या बाईंच्या स्वतःच्या होत्या. अकरा, लोखंडी, कुठल्याशा जुन्या ऑफिसातल्या, रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या भंगारवाल्याकडून आणलेल्या. तिथल्याच एका वेल्डरकडून त्यांनी प्रत्येक खुर्चीचे पाय एकेका माणसाच्या मापानं कापून घेतले होते. खाली रबर, पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर. मला सात मिळाली. तिच्यावर बसल्यावर दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा मी बसले आहे असं वाटलं.

बाई संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होत्या. तयार झालेला भाग मापात बसतो की नाही हे बघायचं आणि तीन ढीग करायचे: पास, रिजेक्ट, होल्ड. होल्ड म्हणजे आत्ता सांगता येत नाही, बाजूला ठेवा, पुन्हा मोजा. निवृत्त झाल्यावर त्यांनी योगाचा अभ्यासक्रम रीतसर परीक्षा देऊन पुरा केला. डोकं मात्र तपासणी विभागातलंच राहिलं.

चक्रांबद्दल लोक त्यांना फार छेडत. कुणाला प्रकाश दिसायचा असे, कुणाला उष्णता जाणवायची असे. बाई सरळ सांगत, "पुस्तकात पाकळ्या लिहिल्या आहेत, रंग लिहिले आहेत. मी पाहिले नाही, म्हणून पास करत नाही. जुने लोक इतकी वर्षं बसले, त्यांनी काहीतरी पाहिलं असेल, म्हणून रिजेक्टही करत नाही. होल्ड. लक्ष मात्र तिथं नेता येते. चलो, तेवढं करू." मग त्या आमचं लक्ष खालून वर नेत. बैठकीच्या दोन्ही हाडांवर वजन सारखं पडतंय का. ओटीपोट सैल आहे का. नाभीपाशी त्या सगळ्यात जास्त थांबत.

"राग इथं असते," त्या म्हणत. "वाईट नाही तो. भट्टी आहे. घशात आणला तर नुसतं भांडण होते, दाबून टाकला तर पित्त होते. इथंच ठेवा अन् त्याच्यावर काम करून घ्या."

त्यांच्या वर्गाची परीक्षा एकच होती. जमिनीवर पाठ टेकून झोपायचं आणि कुणाचा हात न घेता उठायचं. कुशीवर वळा, गुडघ्यांवर या, खुर्चीच्या बैठकीवर दोन्ही हात, एक पाऊल पुढे, श्वास सोडत वर. आमच्या मंडळात निम्म्या घरांत मुलं पुण्याला नाहीतर बंगळुरूला आहेत आणि घरात एक म्हातारं माणूस आहे. ते पडलं तर कामवाली येईपर्यंत पडून राहणार. बाईंना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांचा सगळा योग त्या एका उठण्याशी येऊन थांबायचा. रेल्वेतून निवृत्त झालेले लेलेकाका एकटेच राहतात. त्यांनी एकदा विचारलं, "बाई, कुंडलिनी कधी उठणार?" बाई म्हणाल्या, "काका, आधी तुम्ही उठा. तिचं मग पाहू." काकांना अकरा महिने लागले. ज्या दिवशी उठले त्या दिवशी सगळ्या वर्गाला खोव्याची जिलेबी आणली आणि चार नंबरच्या खुर्चीला हार घातला. बाईंनी हार काढून खिडकीत ठेवला. फुलांवर खुर्ची घसरते म्हणाल्या.

पुढचं लिहिताना मला अजून राग येतो आणि तो यायलाच हवा.

मंडळाचे अध्यक्ष दाणीसाहेब एका शिबिराला जाऊन आले आणि तिथले आचार्य आपल्या हॉलमध्ये यायला तयार आहेत अशी बातमी घेऊन आले. आचार्य आले. पांढरे कपडे, सात रंगांचे सात पडदे, प्रत्येकावर एक चक्र. बाईंनी पडदे नीट पाहिले आणि माझ्या कानात म्हणाल्या, "आमच्याकडे वायरी अशा रंगानं ओळखत." आचार्यांनी खुर्च्यांकडे बोट दाखवून हिंदीत सांगितलं, "लोहे से ऊर्जा कट जाती है. मूलाधार धरती से लगना चाहिए." बाईंनी विचारलं की मग ज्याला खाली बसता येत नाही त्यानं काय करावं. आचार्य हसले आणि पुढच्या पडद्याकडे वळले.

आठवड्यानं कार्यकारिणीची बैठक झाली. मी चिटणीस होते, अजूनही आहे. बाई चांगल्याच आहेत, प्रश्नच नाही, अशी सुरुवात झाली. मग एक सभासद म्हणाल्या की योग ही शेवटी आपली परंपरा, त्यांचं जरा वेगळं पडतं. दुसरे म्हणाले की चक्रांसारखी गोष्ट द्यायला देणाऱ्याचीही तशी बैठक लागते. "त्यांचं" म्हणजे कुणाचं हे कुणी विचारलं नाही. खोलीत सात माणसं होती आणि सातही जणांना कळत होतं. बाई बौद्ध होत्या. त्यांचं कुटुंब भंडाऱ्याकडून कारखान्याच्या नोकरीसाठी आलेलं, आमची चार-सहा आडनावं त्याच्या आधीपासून इथली. त्या मंडळाच्या जुन्या सभासद होत्या, दर गणपतीत त्यांच्या हातचा मसालेभात आम्ही मागून मागून खाल्ला होता. वर्ग बंद करून हॉल आचार्यांना द्यायला हात वर झाले. लेलेकाकांचा झाला. माझाही झाला. मी इतिवृत्तात "सर्वानुमते" असं स्वच्छ अक्षरात लिहिलं.

बाईंना पत्र द्यायला मलाच पाठवलं. पत्र मी चांगलं लिहिलं होतं. "अपरिहार्य कारणास्तव" वगैरे. बाईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि परत माझ्या हातात ठेवलं.

"कारण काहून नाही लिहिलं?"

मी म्हटलं, लिहिलंय ना, अपरिहार्य.

"ते कारण नाही. आमच्याकडे साधा नटबोल्ट रिजेक्ट केला तरी स्लिपवर कारणाचा रकाना असते. बारीक आहे, जाड आहे, चीर पडली आहे. रकाना कोरा ठेवून माल परत केला तर आमची साहेबासमोर पेशी व्हायची. मी इतकी वर्षं शिकवलं, मला तुम्ही नटबोल्टाएवढं तरी समजा. कारण लिहून आण, सही करून देते."

मी पत्र घेऊन परत गेले. दाणीसाहेब म्हणाले, तुम्हीच काहीतरी घाला, तुमची भाषा चांगली आहे. खुर्च्यांच्या लोखंडाचं लिहू का विचारलं तर म्हणाले, नको, हास्यास्पद दिसेल. दुसरं लिहू का विचारलं तर ते उठून पाणी प्यायला गेले. कुणी कारण सांगेना आणि मी लिहीना. शेवटी हॉलचं कुलूप बदललं आणि खुर्च्या गच्चीवर गेल्या.

बाई लोडर ऑटो घेऊन आल्या. भर उन्हात गच्चीवर जाऊन अकरा खुर्च्या मोजल्या, तापलेलं लोखंड पदरानं धरून एकेक तपासली, दोन नंबरचं रबर हरवलं होतं ते माझ्याकडून शोधून घेतलं. खुर्च्या मिळाल्याची पावती लिहून दिली. तोवर त्या मला शैला म्हणत. त्या दिवशी म्हणाल्या, "घ्या सेक्रेटरीबाई. यात सगळे रकाने भरले आहेत."

वर्ग त्यांनी रिछाईपलीकडे आपल्या घराच्या ओसरीत सुरू केला. तिथे कारखान्यांतले कामगार, त्यांच्या आया, शिवणकाम करणाऱ्या बायका येत. महिनाभरानं माझी कंबर धरली आणि मी गेले. जाताना लाज वाटत होती, पण लाजेनं कंबर सुटत नाही. बाईंनी सात नंबर पुढे सरकवली.

"पाठ तुझी आहे, पत्रही तुझंच आहे," त्या म्हणाल्या. "पाठीचं मी पाहते. पत्राचं तू पाहा."

पुढची दोन वर्षं असंच चाललं. त्या माझे खांदे सरळ करत, श्वासावर लक्ष ठेवत, चुकले की आधीसारखंच झापत. आणि दर महिन्याला एकदा, मी चप्पल घालताना, विचारत, "लिहिलं का सेक्रेटरीबाई?" मी म्हणायची, विषय होल्डवर आहे. एकदा त्या या शब्दावर भडकल्या. "होल्डचा अर्थ तुला माहीत नाही. होल्ड म्हणजे विसरणं नाही. पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी पास तरी करा, नाहीतर रिजेक्ट तरी. तुम्ही लोकांनी होल्डची अडगळ करून ठेवली."

इकडे हॉलमध्ये लेलेकाका मूलाधार जमिनीला लावून बसले आणि वर्ग संपल्यावर त्यांना उठता येईना. चौघांनी उचललं. आचार्य म्हणाले, ऊर्जा अडली आहे. काकांनी वर्ग सोडला. काही महिन्यांनी ते घरी न्हाणीघरात पडले. मला दुकानात येऊन सांगत होते, आवाज खाली करून: कुशीवर वळलो, गुडघ्यांवर आलो, बादली उपडी करून दोन्ही हात टेकले आणि उठलो, बाईंनी शिकवलं तसं. मी म्हटलं, हे बैठकीत सांगा. त्यांनी सुयांची दोन पाकिटं घेतली, जी त्यांना नको होती, आणि गेले.

यंदाच्या थंडीत बाईंना न्यूमोनिया झाला. मी घरी गेले तेव्हा उशांना टेकून बसल्या होत्या. तशातही खाली पाट ठेवून टाचा टेकवलेल्या. मुलगी चहा करत होती. बाई धाप लागत बोलत होत्या, पण बोलत होत्या.

"सात नंबर घेऊन जा. दुसऱ्या कोणाला बसणार नाही ती." मग, "लिहिलं का?"

मी नाही म्हटलं.

"अच्छा. मग एक ऐक. मी गेल्यावर तुमचे लोक म्हणतील, बाईंचं मन मोठं होतं, त्यांनी केव्हाच माफ केलं. खोटं आहे म्हणून सांगजो. मी माफ नाही केलं. मी वाट पाहून राहिली होती."

पाचव्या दिवशी त्या गेल्या.

मंडळानं शोकसभा घेतली. त्याच हॉलमध्ये. फोटोला हार, समोर समई, पडदे तेवढे गुंडाळून ठेवलेले. मंडळाचा आधारस्तंभ, असं एक जण म्हणाले. दाणीसाहेब म्हणाले की बाईंचं मन इतकं मोठं होतं की कसलीही कटुता त्यांनी मनात ठेवली नाही. नाभीपाशी काहीतरी पेटलं. मी ते तिथंच ठेवलं. शोकठराव वाचायला माझं नाव पुकारलं तेव्हा मी पर्समधून कागद काढला आणि वाचला:

"या मंडळानं गजभिये बाईंचा योगवर्ग बंद केला. कारण: त्या बौद्ध होत्या आणि त्यांच्याकडून चक्रं शिकणं आम्हाला कमीपणाचं वाटलं. खुर्च्यांचं लोखंड हे निमित्त होतं. त्यांनी माफ केलेलं नाही. सही, चिटणीस."

कागद मी टेबलावर ठेवला आणि बाकीच्यांसाठी सह्यांची जागा दाखवली. लेलेकाका स्वतःच्या बुटांकडे बघत होते. दाणीसाहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, "शैलाताई, ही वेळ नाही. हे आपण सध्या बाजूला ठेवू."

ठेवू दिलं. घरी येऊन भिंतीवरच्या कालनिर्णयावर खूण केली आणि पंधरा दिवस थांबले. कुणी आलं नाही, कुणाचा फोन आला नाही. आज सोळावा दिवस आहे. दुकान उघडायच्या आधी सात नंबरवर बसून, दोन्ही टाचा जमिनीला टेकवून, हे लिहिलं. वरचा ठराव जसाच्या तसा आहे. त्यावर सही एकच आहे आणि खाली सहा जागा रिकाम्या आहेत.