दूध-जिलबी कुणाच्या वाट्याची

अर्धशिशी माझी आहे. शाळेत जायच्या वयापासून माझी आहे, आणि ती मी दुसऱ्या कुणाला वाटून द्यायला तयार नव्हते. हे वाक्य कुणाला हास्यास्पद वाटलं तर वाटो.

आमचं बिऱ्हाड लालबागला, चाळीत. वडील गेलेले. आई, मी आणि माझ्याहून थोरला दादा. दादा गिरणीत बदली कामगार, मी गिरगावातल्या एका छापखान्यात प्रुफं तपासायला. संयुक्त महाराष्ट्राची आमच्या भागातली पत्रकं मी लिहायची आणि नाक्यावरच्या सभेत ती दादानं वाचायची. टाळ्या कुणाला, हे सांगायला नको. त्याचा आवाज खणखणीत, छाती रुंद. बाया गॅलरीतून वाकून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "काय बोलतो हो मेला!" अहो, बोलतो तो, लिहिते मी. पण पत्रकाखाली लिहिणाऱ्याचं नाव नसतं.

माझी अर्धशिशी यायची ती वर्दी देऊन. आधी डोळ्यांपुढे करवतीच्या दात्यांसारखी चमचमती रेघ उभी राहायची. प्रुफातले अर्धे शब्द त्या रेघेत गडप व्हायचे. ती विरली की नजर लख्ख, आणि मग डाव्या कानशिलात घण. उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास तर नकोच. ओलं फडकं डोक्याला बांधून मी भिंतीकडे तोंड करून पडायची. चाळीचं मत ठरलेलं होतं: लग्न झालं की थांबेल. आई म्हणायची, "पुस्तकां वाचून डोक्या फिरलाहा." दुखणं बाईचं असलं की त्याला नखरा म्हणतात. याच्यावर एक पत्रक काढायला हवं, पण ते छापणार कोण?

आणि मग दादाचं डोकं दुखू लागलं.

त्याआधी एका मोर्चात त्याच्या डोक्यात लाठी बसली होती. खोक पडली, टाके पडले, भरून आली. पुढे पुष्कळ महिन्यांनी तो सकाळी उठताना डोकं धरून बसू लागला. चाळीनं निकाल दिला: माराची अर्धशिशी जडली. झालं! ज्या अर्धशिशीला माझ्या वेळी थेर म्हणत होते, ती त्याच्या कपाळी बसताच पराक्रम झाली. शेजारची काकी नारळ घेऊन बघायला आली. समितीचे लोक येऊन खाटेशी बसले. सगळ्यात झोंबलं ते पुढेच. अर्धशिशीला सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी खायची, हा आमच्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय. माझ्यासाठी आईनं तो जन्मात एकदा केला. दादासाठी रोज संध्याकाळी हलवायाकडून जिलबी यायची, रात्रभर दुधात भिजायची, आणि पहाटे आई त्याला भरवायची.

मी म्हटलं, "आई, दुखणं माझं आणि जिलबी त्याला?"

"तुझा दुखणा रोजचा. ह्येका लाठी लागलीहा."

जळले मी. सरळ सांगते, जळले. आणि जळले म्हणूनच त्याच्या दुखण्याकडे सावकारासारखी टक लावून बसले. ही अर्धशिशी नाहीच, हे मला सिद्ध करायचं होतं. माझं एका बाजूला दुखतं, त्याचं सगळं डोकं. माझं दिवसा कधीही येतं, झोपलं की उतरतं. त्याचं त्याला झोपेतून उठवतं. खोकला, वाकला की कळ वाढते. मला उलटीआधी तासभर मळमळतं. हा काही न वाटता भडाभडा ओकतो आणि लगेच चहा मागतो. माझं दुखणं जसं पहिल्या दिवशी होतं तसंच आजही आहे, येतं आणि जातं. याचं आठवड्यागणिक वाढत चाललेलं.

"तुझी अर्धशिशी खोटी आहे," मी त्याला तोंडावर म्हटलं.

"आता दुखण्यावर पण जळतेस काय गं बाय?" तो हसला. "घे की तुला, मला कुठं हवीय!"

पुढच्या सभेत त्यानं माझं पत्रक वाचताना एक ओळ दोनदा वाचली, पुढची गाळली, आणि थांबला. लोकांना वाटलं, गहिवरला. टाळ्यांचा कडकडाट! मी मात्र भडकले. खाली उतरल्यावर विचारलं, "माझ्या वाक्याची माती का केलीस?"

"बारीक छापलंय. ओळी दोन-दोन दिसतात."

"कधीपासून?"

"असतील पंधरा-वीस दिवस. तुला नाही का दिसत कायबाय?"

"मला दिसतं, नजर पुन्हा साफ होते, आणि मग दुखतं. तुझी साफ का होत नाही?"

दुसऱ्याच दिवशी त्याला परळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. खोटं कशाला बोलू, डॉक्टरच्या तोंडून माझा हक्क शाबीत व्हावा म्हणूनही नेलं. डॉक्टर तरुण होता, चिडका होता, पण ऐकून घेणारा. आधी मलाच विचारलं, कारण बोलत मीच होते. छोट्या दिव्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाला, "तुमची खरी अर्धशिशी. त्रास देईल, पण दगा देणार नाही." माझी मान ताठ झाली. मग त्यानं दादाच्या डोळ्यांत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बाहेर जाऊन मोठ्या डॉक्टरांना घेऊन आला.

तपासण्या झाल्या. मेंदूवर गाठ. आत दाब वाढत चाललेला. डोकं उघडून काढली नाही तर नजर जाणार, मागोमाग जीवही. मी विचारलं, "अर्धशिशी वाढून गाठ होते का?"

"नाही. यांना अर्धशिशी कधी नव्हतीच."

"आणि लाठी?"

"तिचा संबंध वाटत नाही."

मी जिंकले होते. जिंकल्याचं तोंड घेऊन घरी जाता येईना.

घरी आईनं ऐकलं आणि पदर खोचला. "तुझा डोक्या इतकी वर्सा दुखता. कोणी कापल्यानी? तू मेलंस? मगे ह्येचाच कित्याक कापूचा?" काकीनं मान डोलावली. सगळी चाळ तेच म्हणू लागली. बघा म्हणे, हिला बघा, इतकी वर्षं डोकं धरून बसते आणि धडधाकट आहे! ज्या दुखण्याला कधी कुणी मानलं नव्हतं, ते आता दादाच्या ऑपरेशनच्या आड साक्षीला उभं केलं. संताप संताप झाला. मी ओरडून सांगितलं, डोकेदुखी सगळी एक नसते, माझी निराळी, त्याची निराळी. सभा गाजवणारे माझे शब्द आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत कुणी ऐकेनात. दादाही आईच्या शब्दाबाहेर जाईना.

सकाळी आईनं वाटी त्याच्यापुढे ठेवली. "जिलबी उचल, बाबा."

त्यानं हात घातला तो वाटीच्या शेजारी, फरशीवर. पुन्हा घातला, पुन्हा शेजारीच. मग माझ्याकडे बघून हसला. "दोन वाट्या दिसतायत. तू जळतेस ना? ही तुझी घे." आणि जिथं काहीच नव्हतं तिथं बोट दाखवलं.

आईनं ते पाहिलं. उठली, वाटीतली जिलबी तशीच ठेवली, पायात वहाणा घातल्या आणि म्हणाली, "चल. खंय तो दवाखानो?"

गाठ साधी निघाली. महिनाभरानं दादा घरी आला, डोकं भादरलेलं, कानामागून टाळूपर्यंत व्रण.

यंदा महाराष्ट्र झाला. नाक्यावर सभा होती, बोलणार अर्थातच दादा. भाषण मी लिहिलेलं. आणि त्याच सकाळी माझ्या डोळ्यांपुढे ती करवत उभी राहिली. सगळं लालबाग गुलाल उधळत होतं आणि मी ओलं फडकं बांधून भिंतीकडे तोंड करून पडले होते. आई वाटी घेऊन आली. दूध-जिलबी. तुपाच्या वासासरशी मी फडकं नाकावर ओढलं. "बाहेर ने ती!" मी म्हटलं. जिच्यासाठी एवढी जळले, ती मला नाकाशीही धरवेना.

कर्ण्यातून दादाचा आवाज आला. प्रत्येक शब्द घणासारखा बसत होता, तरी मी कान झाकले नाहीत. ओळीमागून ओळ पडताळत गेले. एक ओळ दोनदा आली नाही. एक गळली नाही. शेवटच्या वाक्यापर्यंत सगळं जसंच्या तसं.

टाळ्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "लाठी खाल्लेला वाघ!"

"गाठ होती!" मी भिंतीला सांगितलं. "गाठ! आणि ओळखली मी!"

"गप र्‍हव गो," आई म्हणाली आणि फडकं पुन्हा भिजवून माझ्या डोक्यावर ठेवलं.