गुडघेदुखीचा दवाखाना

ज्या रोगाचं नाव कोणी घेत नाही, त्याचेच किस्से जास्त साचतात. खोकल्याचा पेशंट खोकतो, बाटली घेतो, घरी जातो. गरमी-परम्याचा, म्हणजे गुप्तरोगाचा, पेशंट आधी दाराबाहेर चकरा मारतो, आत येऊन भलतंच बोलतो, आणि तिथूनच किस्सा सुरू होतो.

एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. आमचा जिल्हा तेव्हा चांदा. मी गडचिरोलीकडच्या एका दवाखान्यात नर्स होते. पेनिसिलिन नुकतंच आमच्या जंगलात पोचलं होतं, आणि त्याच्या मागोमाग डॉक्टर कमलबाई पोचल्या. चण बारीक, आवाज खणखणीत.

* * *

पुरुष यायचे ते गुडघा धरून. एक जण म्हणाला, "गुडघा लई दुखून राह्यला, बाई."

"कधीपासून?"

"मंडईतून आलो तवापासून." दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. तमाशे असतात, बाकीचंही असतं.

कमलबाईंनी सरळ विचारलं, "लघवीला जळजळ होते?"

"हाव. गुडघ्यामुळं थेबी होते."

"मग गुडघ्याचं इंजेक्शन कमरेत घ्यावं लागेल," बाई म्हणाल्या. "आणि बायकोचाही गुडघा तपासायचाय. तिला घेऊन या."

* * *

मग बाईंनी दारावर पाटीच लावली: 'गरमी, परमा बरा होतो. नवरा-बायको दोघांनी यावे.'

दुसऱ्याच दिवशी गावचे मालगुजार, म्हणजे जुने जमीनदार, आले. मालगुजारी गेली होती, पण रुबाब शिल्लक होता. "बाई, या रस्त्यानं आमच्या लेकीसुना जातात."

"त्यांच्यासाठीच लावलीय."

दोन दिवसांत पाटी गायब झाली. बाईंनी मला गेरू कालवायला सांगितलं आणि तोच मजकूर हातभर अक्षरांत भिंतीवर लिहिला. मालगुजार पुन्हा आले, तेव्हा बाई ब्रश धूत म्हणाल्या, "आता भिंत न्यावी लागेल, भाऊ."

* * *

जंगलातल्या एका लाकूड डेपोवर मजूर महिनोन्‌महिने घरापासून लांब राहायचे. बाई तिथं बोलायला गेल्या. रोग कसा होतो, कसा टाळायचा, रबरी टोपी कशाला वापरायची, सगळं स्पष्ट सांगितलं. मजूर माना खाली घालून, पण कान देऊन ऐकत होते.

डेपोचा मुनशी तापला. "बाईमाणसानं असं बोलावं का?"

"पुरुषांपैकी कोणी बोललं असतं, तर मला बैलगाडीतून हाडं खिळखिळी करून यावं लागलं नसतं."

टोप्यांचा डबा आम्ही मजुरांच्या झोपडीमागं ठेवला, ज्याला हवी त्यानं न विचारता घ्यावी म्हणून. काही दिवसांनी निरोप आला, डबा संपला, आणखी पाठवा. निरोप मुनशीचा होता.

* * *

रुखमा तेंदूपत्ता तोडायला जायची. विधवा होती. तिला गरमी झाली आहे हे गावात कळलं आणि तिला विहीर बंद झाली. आम्ही तिला इंजेक्शन द्यायला गेलो, तर ती विहिरीवर रिकामी घागर घेऊन उभी, समोर गावातले पुरुष.

कमलबाईंनी समजावलं, "हा रोग पाण्यानं होत नाही. ताटवाटीनं होत नाही. रोगी माणसाशी संग केल्यानं होतो."

पाटील म्हणाला, "मंग हिले कुठून झाला?"

रुखमानं घागर खाली ठेवली. एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. "सांगू? नाव घेऊन सांगू?"

सगळ्यांत आधी पाटीलच बाजूला झाला. रुखमानं सावकाश पाणी भरलं.

* * *

सगुणाला तिची सासू घेऊन आली. सगुणाचं एक मूल पोटातच गेलं होतं, एक मेलेलंच जन्मलं, एक अंगभर पुरळ घेऊन आलं आणि गेलं. "लेकरं खाते हे," सासू म्हणाली. लेकासाठी दुसरी मुलगी बघून ठेवली होती.

सगुणाचं रक्त तपासायला नागपूरला पाठवलं. गरमी निघाली. बाईंनी सांगितलं, ही आईकडून पोटातल्या बाळाला जाते. नवऱ्यानंही सुई घेतली पाहिजे, नाहीतर हिला पुन्हा होईल.

सासू भडकली. "माह्या लेकाले काऊन सुई? पोट तं इचं हाय."

सगुणा व्हरांड्यात बसली. "त्यानं सुई घेतल्याबिगर मी घरी येत नाई." सासू एकटीच गेली.

सगुणा आमच्याकडं राहिली, चूल सांभाळली, सुया घेतल्या. एक दिवस न सांगता निघाली आणि थेट त्या दुसऱ्या मुलीच्या घरी गेली. तिच्या आईला म्हणाली, "मले सवतीचं भेव नाई. तुमच्या पोरीचं लेकरू मरन, थे पाह्यवनार नाई."

लग्न तिथंच अडलं. मुलीच्या बापानं सासूला निरोप पाठवला, आधी सुई, मग बोलणं.

पुढं सगुणाला मुलगी झाली. चांगली ओरडत आली, जगली. पण मला आठवतो तो त्याआधीचा, सगुणाचा नवरा सुई घ्यायला आला तो दिवस. सासू बरोबर होती. बाईंनी त्यालाही सगळं सांगितलं, पोटातली मुलं का जातात तेही. सासू भिंतीला टेकून ऐकत होती. त्यानं दात आवळून सुई घेतली आणि बाहेर गेला.

सासू गेली नाही. दार लोटून घेतलं आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली.

"हा एकच जगला माहा," ती म्हणाली. "याच्या आधीचे सारे गेले. मलेबी सुई दे, बाई."