नुसता फ्लॅश

आईचा एखादा तरी फोटो निघेल म्हणून वडिलांच्या पेटीतला शेवटचा, कधीच मुदत संपलेला रोल आज मोरीत बसून धुतला. फिल्म धुवायच्या हायपोचा आंबूस वास नाकात गेला आणि बेंबळीचं आमचं अंगण आठवलं.

वडील लग्नांचे फोटो काढायचे. रोल जपायला लागे, म्हणून हौशी मंडळींसमोर नुसताच फ्लॅश उडवायचे. एकदा आई पदर सारखा करून समोर उभी राहिली. फ्लॅश चमकला.

"रोल न्हाय ना त्यात?" तिनं विचारलं.

वडील ओशाळले. "न्हाय."

"आसू द्या. तुमी तर बघितलं न्हवं? लई झालं."

तेव्हा मला हसू आलं होतं.

रोल सगळा काळाच निघाला. मोरीतून उठवत नाही आता. तिला तशी उभी बघितलेला मी एकटाच उरलोय.