खांबावरची कानटोपी

रामनगरच्या वळणावरचे पिवळे दिवे सांभाळणारे लाइनमन उन्हाळ्यातही लोकरीची कानटोपी घालतात. परवा ते मला बोडक्या डोक्याने भेटले. टोपी वर खांबावर होती, अंधार ओळखणाऱ्या सेन्सरवर चढवलेली. त्यामुळे दिवा चार दिवस भर दुपारीही जळत होता.

"दिवा पेटवणारा इग्नायटर गेलाय, मास्तर. पेटलाय तवर जळंल, इझला तर परत पेटायचा न्हाई. नवा येईस्तवर टोपी ऱ्हाऊ दे म्हटलं. पर दिवसा करंट जाळतोय म्हणून कुणीतरी बिननावाचा अर्ज दिलाय, ह्यो बघा."

ते चढले, टोपी काढून डोक्यावर घातली. दिवा विझला. संध्याकाळच्या गाडीची माणसं अंधारात उतरली.

अर्ज कुणाचा, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांचे रजेचे अर्ज मीच लिहून देतो. अक्षर ते ओळखतात.