लँडिंग तेवढं तुम्ही करा

पडलेलं विमान चिकटपट्टी लावून पुन्हा उडवता येतं. पण ते कसं पडलं हा किस्सा एकदा सुटला की कुणाच्या रिमोटला जुमानत नाही. आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये विमानांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. त्यातले बरेच माझ्या नावावर जमा आहेत.

ग्रुप म्हणजे आम्ही तिघं. गणिताचे रिटायर्ड देशमुख सर, परळीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेले अफसरभाई, आणि मी : बीएस्सी फिजिक्स, चार वर्षांच्या ओवीची आई. रिमोटचं विमान आणलं नवऱ्यानं. दोनदा पाडलं आणि गुपचूप क्रिकेटकडं परतला. मला वाटलं, फिजिक्स तर आपलंच आहे. सिरसाळा रोडला सरांचं पडीक रान आहे, तीच आमची धावपट्टी. गवत मेंढ्या कापतात.

मला विमान उडवता येतं, वळवता येतं. उतरवता येत नाही. जमीन जवळ आली की मी रिमोट अफसरभाईंच्या हातात कोंबते. "लँडिंग तेवढं तुम्ही करा."

यंदा सरांनी सांगून टाकलं की जूनमध्ये इथं सोयाबीन पेरणार. म्हणजे धावपट्टी संपली. मी मनाशी पक्कं केलं : ट्रॅक्टर यायच्या आत एक लँडिंग माझं.

*

या खेळात पहिली अडचण अशी की विमान आपल्याकडं तोंड करून आलं की त्याचं डावं ते आपलं उजवं. खऱ्या पायलटला ही भानगडच नाही, तो आत बसलेला असतो.

मी घरी सराव सुरू केला. ओवीला हात पसरून माझ्याकडं पळत यायला लावायचं आणि टीव्हीचा रिमोट धरून तिला वळवायचं. डावीकडं! नाही, माझ्या डावीकडं! नाही नाही, तुझ्या!

तिसऱ्या फेरीला विमान मधेच थांबलं.

"आई, तू आधी ठरव."

*

एका रविवारी मी अगदी जय्यत तयारीनं गेले. ओवीची टोपी, पाण्याच्या दोन बाटल्या, ग्लुकोज, डासांचं मलम, जादा कपडे, उलटीची पिशवी. पिशवी उघडून सरांना एकेक दाखवलं.

सर म्हणाले, "पोरगी उडायला तयार हाय. विमानाची बॅटरी कुठंय?"

घरी. चार्जिंगला.

*

मोठ्या विमानतळावर वारा कळावा म्हणून खांबाला कापडी पिशवी टांगलेली असते म्हणे. आमच्याकडं औष्णिक केंद्राची चिमणी आहे. धूर जिकडं झुकला तिकडं वारा, आणि राख थेट आमच्या पंखांवर.

एकदा देखभालीसाठी केंद्रातला वीजनिर्मितीचा सेट बंद होता. सरांनी चिमणीकडं बघितलं, धूर दिसला नाही. गणिताच्या माणसानं फळ्यावर उत्तर लिहावं तसं जाहीर केलं, "आज वारा शून्य."

त्यांच्या डोक्यावरची टोपी तेवढ्यात बाभळीत जाऊन बसली. सरांनी तरी विमान सोडलं. ते टोपीच्याही पुढं गेलं.

*

मे महिन्यात सरांचे जावई आले. ते खरेखुरे कॅप्टन, प्रवासी विमान चालवणारे. सरांनी त्यांना थेट रानात आणलं आणि स्वतःचं सगळ्यात लाडकं विमान त्यांच्या स्वाधीन केलं. कॅप्टन हसून म्हणाले, "विमान ते विमानच."

झकास उडालं. मग आमच्याकडं वळलं, डाव्याचं उजवं झालं, आणि कॅप्टननी ते अतिशय आत्मविश्वासानं बाभळीत घातलं.

एरवी कुणाचं पडलं तर अफसरभाई आठवडाभर सुट्टी देत नाहीत. पण जावयाला "पाडलं" म्हणायचं कसं? अफसरभाईंनी आधी थर्मासमधला चहा दिला, मग तुटलेला पंख काढून आणला. सरांनी तो दोन्ही हातांत घेतला, घसा खाकरला.

"जावईबापू, जरा लवकर उतरलात."

*

नंतर मी कॅप्टनना विचारलं, तिकडं भीती नाही वाटत? एवढी माणसं मागं बसलेली असतात.

ते म्हणाले, तिकडं विमान कललं की डोळ्यांच्या आधी कमरेला कळतं. इथं कमरेला काहीच कळवत नाही कुणी. आणि मग हळूच, सासऱ्यांना ऐकू जाणार नाही असं, "शिवाय तिकडं ती माणसं मागं असतात. इथं तुम्ही सगळे समोर चहा पीत बसता."

*

ट्रॅक्टर सोमवारी येणार होता. रविवारी सकाळी माझं विमान वर होतं आणि रिमोट टीं-टीं करायला लागला. बॅटरी संपत आली, आता उतरायलाच हवं.

सवयीनं मी रिमोट अफसरभाईंकडं धरला. त्यांच्या मांडीवर ओवी होती, तिच्या टाचेत सराटा घुसलेला.

"मॅडम, काटा काढू का विमान?"

मी म्हणाले, काटा.

मग सरांकडं धरला. सरांनी हात पाठीमागं नेले. शेवटी कॅप्टन, ते अजून सासुरवाडीलाच मुक्कामाला होते. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले.

"मला नका देऊ. मला आत बसूनच उतरवता येतं."

आणि विमान तोंड करून माझ्याकडंच यायला लागलं. डावा पंख झुकला, मी झुकले. उजवा झुकला, मी तिकडं. मागं काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. ओवी रडत होती का, तेही कळलं नाही. मग गवतावर एक धप्प, थोडं घसरणं, आणि चाकांवर उभं असलेलं, अख्खं विमान.

मी वळून बघितलं. सर, कॅप्टन आणि मांडीवर पोर घेतलेले अफसरभाई, तिघंही अजून उजवीकडं कललेले होते.

ओवी उतरली. लंगडत माझ्याजवळ आली, माझ्या ओढणीचा पदर धरला आणि मला खालपासून वरपर्यंत नीट बघितलं.

"आई, तू कुठं गेलतीस?"