विहिरीतला शंख

मी तळहात पुढे केला. सरांनी टेबलावरचा चिमटा हातात घेतला आणि माझ्या कातडीला स्पर्श होऊ न देता तळहातावरचा दगड उचलला. त्याआधी अकरा विद्यार्थ्यांचे दगड त्यांनी उघड्या बोटांनी घेतले होते. मी मोजले होते.

नाशिकमधील महाविद्यालय. सत्तरचे दशक संपत आलेले. विषय, खडकांत दगड होऊन राहिलेले जीव. माझ्या दगडात शंख होता, तांदळाच्या दाण्याएवढा. सिन्नरजवळ परक्याच्या शेतात वडील विहीर खोदत होते. सुट्टीत मीही खाली उतरलो होतो. लाव्हाच्या दोन थरांमधल्या मातीत तो मला मिळाला.

सरांनी भिंगातून बराच वेळ पाहिले. मग वर्गाकडे वळले. "बघा, सरकारी जावयांनाही कधीकधी लॉटरी लागते!"

वर्ग हसला. मीही हसलो. त्या हसण्याबद्दल मी स्वतःला क्षमा केलेली नाही.

आठवड्याने शंख काचेच्या कपाटात दिसला. लेबलावर संग्राहक म्हणून सरांचे नाव. थराची खोली, कोरी.

रविवारी घरी गेलो तेव्हा वडील म्हणाले, "तुझे सायब आलते. लय गोड बोलत व्हते. किती फुटावं घावला, म्हने. म्या म्हनलं, पोरानं लिवलंय, त्यालाच इचारा."

विहीर तोवर बांधून झाली होती, पाण्याने भरली होती.

सोमवारी सरांनी खोलीत बोलावले. आतून कडी घातली. टेबलावर माझे प्रात्यक्षिकाचे जर्नल होते; विहिरीचा आकडा त्यात नव्हता, तो माझ्या घरच्या वहीत होता. त्यावर त्यांची सही नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नसे.

"किती फुटांवर?"

"लेबलावर माझे नाव नाही, सर."

"बापाने खड्डा खणला म्हणून तू शास्त्रज्ञ झालास होय रे? आकडा सांग. जर्नल उचल."

जागा आणि खोली ठाऊक नसलेला नमुना विज्ञानाच्या दृष्टीने मुका असतो, हे त्यांनीच शिकवले होते. चिमट्याने दगड उचलता आला. आकडा उचलता येईना.

"सांगणार नाही."

जर्नल तिथेच राहिले. माझे वर्षही. त्याच दुपारी लेबल दुरुस्त करावे म्हणून प्राचार्यांना पहिला अर्ज दिला, प्रत विद्यापीठास. पोच घेतली. पुढे कायदा शिकलो. अर्ज थांबले नाहीत. एकाचेही उत्तर नाही.

सर निवृत्त झाले. वडील गेले. कपाटातल्या लेबलावर खोलीची जागा अजून कोरी आहे. आकडा आता एकट्या माझ्याजवळ आहे. संग्राहक या शब्दापुढे वडिलांचे आणि माझे नाव लेखी स्वरूपात येईपर्यंत मी तो उघड करणार नाही.

येथेही केलेला नाही.