आक्काताईंचा लिंब

फौजेत गाड्या हाकून आलेल्या धोंडिरामाला घरी बसवेल तर शपथ. पेन्शन सुरू झाली आणि गड्यानं सांगलीच्या एका कंपनीत पुन्हा स्टिअरिंग धरलं. गाडीच्या टपावर लेसरचं यंत्र. रस्त्यानं जाता जाता ते दोन्ही बाजूंचं सगळं ठिपक्याठिपक्यांनी टिपायचं, आणि हापिसातला संगणक आपला आपण ओळखायचा: हे झाड, हा खांब, ही पाटी. रुंदीकरणात खांब उपटून मागं न्यायचे, झाडं मात्र होता होईल तो राखायची, असं ठरलेलं होतं.

आटपाडीकडचा रस्ता आला तशी स्वारी खुशीत. गावच्या फाट्यावर त्याच्या बायकोनं, आक्काताईंनी, दुष्काळात डोक्यावरून पाणी आणून जगवलेला लिंब होता. आता तो वाचला म्हणायचा! तसा त्यानं घरी फोनही करून ठेवला. पण हाकताना नजर रस्त्यावरून हलवायची नाही ही फौजेतली सवय, त्यामुळं फाटा मागं पडला तरी लिंबाकडं बघणं काही झालं नाही.

आठवड्यानं हापिसातल्या दीपमालानं त्याला पडद्यावर तो फाटा दाखवला. लिंबाच्या जागी लिहिलं होतं, खांब.

"आगं पोरी, ते झाड हाय."

"काका, एक तरी फांदी दिसते का?"

दिसत नव्हती. त्यानं तिथूनच घरी फोन लावला.

"आवं, शेरडांस्नी पाला न्हवता, म्हनून आदल्या दिशी फांद्या उतरवल्या," आक्काताई म्हणाल्या. "आन् तुमची गाडी येनार म्हनून बुंध्याला गेरू-चुना बी लावला. लय झ्याक दिसतुया."

आता काय बोलावं या बाईला! खांब तरी याहून वेगळा काय असतो?

धोंडिरामाला अन्न गोड लागेना. दीपमालानं हातानं बदललं असतं, पण पान नाही, डहाळी नाही. वरचे साहेब विचारणार, झाड कशावरून? नशीब एवढंच, की बाजाराच्या गाड्या आड आल्यामुळं तो तुकडा महिन्याभरानं पुन्हा टिपायचा होता. तोवर शेरडं दावणीला बांधली आणि त्यांचा पाला लांबच्या ओढ्यावरून आला.

लिंब चिवट. हां हां म्हणता लालसर पालवीनं भरला. धोंडिरामानं फाट्यावरून गाडी पुन्हा नेली, आणि या खेपेला पडद्यावर आलं, झाड. बुंध्यापाशी आणखी एक आकृती होती. तिच्यावर लिहिलं होतं, माणूस. धोंडिरामानं उभं राहण्याची ढब लगेच ओळखली.

रविवारी गावी गेल्यावर त्यानं विचारलं, "भर उनात तितं कशाला उभी ऱ्हायलीस?"

भाकरी थापता थापता आक्काताई म्हणाल्या, "पुन्यांदा खांब म्हनलं आसतं, तर झाड हाय म्हनून सांगाया कोन तरी नगं व्हय?"